जॅग्वार एफ-टाइप व्ही-६ एस : सोलापूरच्या उन्हात, उसाच्या काट्यावर

पहाटे पावणेसहाला साखर कारखान्याच्या काट्यावर लाल जॅग्वार चढली, तेव्हा काट्यावरच्या काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, रिकामी लिहू का भरलेली?" गाळप हंगाम मार्चमध्येच संपलेला. गाडीतळात एक ट्रॅक्टर नाही, एक बैलगाडी नाही, उसाचं वाळकं पाचट वाऱ्यावर इकडून तिकडे सरकतंय, आणि जिथे एरवी ट्रॉल्यांच्या रांगा लागतात त्या पोलादी पाटावर मांजरासारखी दबा धरून बसलेली दोन माणसांची गाडी. मी म्हटलं, "टाकी भरलेली, आत माणूस नाही." काट्यावर आकडा उमटला : १७०० किलो.

हा आकडा मला हवाच होता. एफ-टाइप व्ही-६ एस कूपेचं (बंद छताच्या गाडीचं) वजन माहितीपत्रकात १५९४ किलो दिलेलं असतं. आमच्या गाडीला वरून काचेचं छत आहे, डिकीत स्टेपनी आहे, आणि ७२ लिटरची टाकी काठोकाठ भरली की नुसतं पेट्रोलच पन्नास किलोच्या वर जातं. शिवाय उसाचा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने बोलतो. चाचणी करायची तर खरं वजन लागतं. ते नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत.

मी सोलापुरात पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते, बावीस वर्षं झाली. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, दरवर्षी फळ्यावर काढते. दोन रोटर, बाणाने दाखवलेली हवा, शेजारी टर्बोची आकृती, खाली फरकाचा तक्ता. गाडीत बसून तो कधी अनुभवला नव्हता. गाडी माझ्या भाच्याची, २०१५ च्या नोंदणीची, त्याने दुसऱ्या हाताची घेतलेली. तो पुण्याला नोकरी करतो. मेमध्ये आजोळी आला तो हीच घेऊन, आणि चहा व्हायच्या आत किल्ली माझ्या हातात दिली. "मावशी, फळ्यावर खूप काढलास. आता पायाखाली घे."

आधी दोघांनी एक गोष्ट ठरवली. महामार्गावर शंभराच्या पुढे वेगाचा काटा न्यायचा नाही, आणि पूर्ण ताकदीची चाचणी रस्त्यावर करायचीच नाही. माझा एक जुना विद्यार्थी त्या कारखान्यात आहे. त्याने रीतसर परवानगी काढून दिली. फाटकापासून गाडीतळापर्यंत सरळ सिमेंटचा रस्ता, पाऊण किलोमीटरच्या वर. दोन्ही टोकांना वॉचमन उभे, बाजूला आग विझवायचे दोन सिलिंडर, कुत्री हाकलून झालेली. आदल्या संध्याकाळी मी आणि भाच्याने तो रस्ता पायी चालून खडे वेचले होते.

आता इंजिनाबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ३८० अश्वशक्तीचं. ४६० न्यूटन-मीटर टॉर्क, साडेतीन ते पाच हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, मध्ये. मागच्या चाकांवर ताकद, आठ गिअरांचा झेडएफचा ऑटोमॅटिक बॉक्स, मागे यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं. शून्य ते शंभरला कंपनीचा दावा ४.९ सेकंद, कमाल वेग ताशी २७५ किलोमीटर. व्ही आकारात बसलेल्या दोन सिलिंडर-ओळींच्या मधल्या खोबणीत सुपरचार्जर आडवा झोपलेला असतो. ईटनच्या त्या पंपात चार-चार पाकळ्यांचे, १६० अंशांत पिळलेले दोन रोटर असतात. ते एकमेकांच्या कुशीत फिरतात पण एकमेकांना शिवत नाहीत. त्यांच्यात अंतर राखायचं काम टोकाचे दोन दातेरी गिअर करतात. रोटर हवा आत घेतात आणि पुढे ढकलतात. पुढे जागा कमी, म्हणून हवा दाटते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि तीन लिटरचं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढायला लागतं.

आणि हे रोटर फिरवतो कोण? इंजिनाच्या पुढच्या पुलीवरचा पट्टा. इंजिन फिरलं की तो फिरतो, त्याच क्षणी, त्याच प्रमाणात.

घरी बॉनेट उघडलं तेव्हा हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर अण्णांनी बोट ठेवलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, ते एका जुन्या कारखान्यात होते. तिथे छताखालून लांबच्या लांब लाईन शाफ्ट जायचा, आणि प्रत्येक मागावर वरून एक-एक पट्टा उतरायचा. एक इंजिन, एक शाफ्ट, सगळे माग त्याला बांधलेले. पट्टा सैल पडला की धोट्याचा ताल बिघडायचा, आणि नुसत्या आवाजावरून कळायचं कितव्या मागाचा पट्टा सरकतोय. तेव्हा पट्ट्याला राळ चोळायची, हे त्यांचं काम. अण्णांनी बॅटरी मारून पुढून नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ह्याचा पंखा इंजिनालाच बांधलाय. स्वतःच्या मर्जीनं फिरत नाही."

बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हे इतकं नेमकं लिहिलेलं नाही.

मी त्यांना सांगितलं की ह्या पंपाचा जन्मसुद्धा एका गिरणीतला आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सविल गावी रूट्स आडनावाचे दोन भाऊ होते, फिलँडर आणि फ्रान्सिस, त्यांची लोकरीची गिरणी. पाणचक्कीला काहीतरी चांगला पर्याय करावा म्हणून ते फिरत्या पाकळ्यांचं यंत्र करायला गेले, आणि त्यातून हवा फेकणारा भाता हाती आला. १८६० मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. मोटारगाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे तोच भाता इंजिनांवर चढला. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जरच्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या, आणि जॅग्वारने १९९४ च्या एक्सजेआरला तो पहिल्यांदा लावला. अण्णांना मर्सिडीजचं काही विशेष वाटलं नाही. लोकरीच्या गिरणीचं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

तर, सकाळची चाचणी. सावलीतलं तापमान २६ अंश, वारा जवळजवळ नाही. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान दिसत राहील, आणि काचेवर सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस लॉगर चिकटवला. रस्त्याचा उतार आणि वारा यांचा हिशेब चुकू नये म्हणून दोन्ही दिशांनी पळवायचं ठरवलं. स्टिअरिंगवर मीच. भाचा खाली उभा, हातात वही.

ब्रेकवर डावा पाय, ॲक्सिलरेटरवर उजवा, आणि डावा सोडला. मागची चाकं क्षणभर सिमेंटवर घासली, गाडीचं बूड किंचित हललं, डिफरन्शियलने दोन्ही चाकं एकत्र धरली आणि पुढचं सगळं एकाच ओढीत झालं. दुसरा गिअर कधी पडला कळलं नाही, तिसरा आवाजावरून कळला. ऐंशीएक मीटरमध्ये शंभर. पहिल्या खेपेला ५.४ सेकंद, मग ५.२, मग ५.३. दाव्यापेक्षा तीन ते पाच दशांशांनी जास्त, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. बारीक धूळ बसलेलं सिमेंट, भरलेली टाकी, आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरचं आमचं गाव. इथे हवेचा दाबच मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के कमी असतो.

पण मला ह्या आकड्यापेक्षा दुसरी एक चाचणी महत्त्वाची होती, आणि ती कुणी फारशी करत नाही. गिअर हाताने चौथ्यावर धरून ठेवायचा, गाडी ताशी ३५ वर, इंजिन जेमतेम पंधराशे आरपीएमवर रांगतंय, आणि तिथून ॲक्सिलरेटर एकदम तळाला. किकडाऊन नाही, खालचा गिअर नाही. मी हीच चाचणी आदल्या आठवड्यात माझ्या रोजच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीवर करून ठेवली होती. तिथे पाय दाबल्यावर लॉगरच्या आठ-नऊ नोंदी नुसत्या सपाट जातात. जवळजवळ एक सेकंद. टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतं. वायू वाढले की ते फिरणार, ते फिरलं की हवा येणार, हवा आली की वायू वाढणार. ही साखळी सुरू व्हायला वेळ जातो.

एफ-टाइपमध्ये तिसऱ्या नोंदीला वेग चढायला लागलेला होता.

हे कागदावर काही दशांशांचं वाटेल. पायाला ते कसं लागतं ते सांगते. आपण दार ढकलतो आणि ते उघडतं, तसं. मध्ये कुणी निरोप्या नाही. अर्धा दाबला तर अर्धंच येतं, आणखी केसभर दाबला तर केसभरच जास्त येतं. वळणातून बाहेर पडताना, पुढचा ट्रक ओलांडताना किती ताकद येईल याचा अंदाज बांधावा लागत नाही. माझ्या मते ह्या गाडीचा खरा गुण हाच आहे, आणि शून्य ते शंभरच्या आकड्यात तो दिसत नाही. हल्लीच्या टर्बो गाड्या त्या शर्यतीत हिला सहज मागे टाकतील. पण पंधराशे आरपीएमवर बोट लावलं की लगेच ओ देणारं इंजिन फार थोड्या गाड्यांत असतं. सगळ्या गिअरांची मुभा देऊन ४० ते ८० मोजलं, तर २.२ सेकंद. ओलांडायला रस्त्यावर लागतो तो वेगाचा हाच टप्पा.

आवाजाबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील. एक्झॉस्टचं बटण दाबलं की आतल्या झडपा उघडतात आणि हलका घोगरा सूर एकदम भरडा होतो. पाय काढला की मागून तडतड येते, हुरडा भाजताना आगटीत कणसं फुटतात तशी. बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडवरून तो आवाज परत आला आणि छतातले पारवे एकाच वेळी उठले. काच खाली करून भिंतीच्या कडेने हळू गेलं, तर त्याखाली एक बारीक, सलग शीळ ऐकू येते. ती रोटरांची. जॅग्वारने ती बरीच दाबली आहे, आणि मला ती आणखी मोकळी असती तर आवडलं असतं.

ब्रेक पुढे ३८० मिलिमीटरच्या तबकड्यांचे. शंभरावरून थांबायला खडूची खूण आणि मेजर टेप लावून ४१, ४० आणि ४१ मीटर. तीनही वेळा सरळ रेषेत, स्टिअरिंग न ओढता.

मग आम्ही गाडी सावलीला लावली, डबे उघडले, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आणि दुपारी अडीचची वाट पाहिली.

सोलापूरचं मेचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना ते सांगायची गरज नाही. सावलीत ४२ अंश. काळं चामडं इतकं तापलं होतं की भाच्याने आपल्या इथलाच एक जाड टर्किश टॉवेल सीटवर टाकला, आणि स्टिअरिंग धरायला मला रुमाल लागला. सुपरचार्जरची खरी परीक्षा अशाच वेळी होते. कारण हवा दाबली की तापते, आणि इथे ती दाबायच्या आधीच तापलेली असते. गरम हवा विरळ. २६ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४२ अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत पाच टक्के हवा कमी बसते. वर गरम मिश्रण वेळेआधी भडकू नये म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी मागे घेतो, आणि तिथेही ताकद जाते. म्हणूनच मी ९५ ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल हिच्यात घालू दिलं नाही.

इथे अण्णांचं वाक्य पुन्हा आठवतं. टर्बो स्वतंत्र फिरतो, त्यामुळे हवा विरळ झाली तर तो थोडा जास्त फिरून काही भरपाई करू शकतो. सुपरचार्जर पट्ट्याला बांधलेला. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याचे ठरलेले फेरे, ठरलेलं आकारमान. हवा विरळ असेल तर तो तेवढीच विरळ हवा उचलणार. ज्या बांधिलकीमुळे तो लगेच ओ देतो, तीच त्याची उन्हातली मर्यादा.

दुपारचे आकडे : ५.५, ५.६, आणि लागोपाठ तिसऱ्या खेपेला ५.९.

मी हे घरी येऊन मांडून पाहिलं. गाडी आणि मी मिळून १७६५ किलो धरले, तर शंभरापर्यंत न्यायला लागणारी ऊर्जा साधारण ६८१ किलोज्यूल. सकाळच्या ५.२ ने भागलं तर सरासरी १३१ किलोवॅट चाकांनी प्रत्यक्ष गाडीत घातले. दुपारच्या ५.६ ने भागलं तर १२२. सात टक्क्यांची घट. पाच टक्के विरळ हवेची, उरलेली ठिणगीची आणि तापलेल्या टायरांच्या पकडीची. पुस्तक आणि रस्ता इतके जवळ आलेले पाहून मला फार बरं वाटलं. यंदाच्या वर्गाला तक्त्याऐवजी हेच उदाहरण देणार आहे.

तिसऱ्या खेपेचं ५.९ मात्र वेगळी गोष्ट सांगतं. ह्या इंजिनात दाबलेली हवा थंड करायला पाण्यावर चालणारे इंटरकूलर आहेत : सुपरचार्जरमधून निघालेली हवा त्यांच्यातून जाते, तिची उष्णता पाणी उचलतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. सकाळी स्कॅनरवर आत शिरणाऱ्या हवेचं तापमान ३८ च्या वर गेलं नाही. दुपारी पहिल्या खेपेला ५२, दुसऱ्याला ५६, आणि वॉचमनमामांनी मध्येच आलेली गाय बाजूला नेईपर्यंत इंजिन चालू ठेवून चार मिनिटं उभं राहावं लागलं, तेवढ्यात ६४. थांबलेल्या गाडीच्या रेडिएटरवर वारा नाही, आणि दोन सिलिंडर-ओळींच्या मध्ये दाबून बसलेला सुपरचार्जर आजूबाजूची धग पीत राहतो. त्यानंतर मी गाडी ताशी साठने दोन चकरा नुसती फिरवली. तापमान ५३ वर आलं, पुन्हा पळवली, ५.५. म्हणजे थंड करायची व्यवस्था पुरेशी आहे, तिला फक्त वारा हवा. उन्हात ही गाडी घेऊन जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं : फाटकावर दहा मिनिटं उभं राहून लगेच जोर मागू नये.

थंड करणाऱ्या ह्या पाण्यावरून, म्हणजे कूलंटवरून आठवलं. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजात कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतून घेतलं होतं. भाच्याने पहिल्याच महिन्यात ते सगळं काढून धुऊन योग्य कूलंट भरलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा चहाच्या पातेल्यावर चार दिवसांत पांढरा थर बसतो. तोच थर केसासारख्या बारीक नळ्यांत बसला तर काय होईल ते कुणीही समजू शकेल. सुपरचार्जरच्या गाडीत कूलंट म्हणजे नुसतं इंजिन तापू नये म्हणून भरायचं पाणी नाही. तुमची ताकद त्यातूनच येते.

दुसऱ्या दिवशी विजापूर रस्ता. सोरेगाव सोडलं, वडकबाळचा पूल ओलांडला, खाली सीना कोरडी ठणठणीत. तेरामैल, नांदणी, आणि टाकळीच्या पुलावर भीमा. सोलापूर शहराच्या नळाचं काही पाणी वर्षानुवर्षं इथूनच आलं, उजनीतून सोडलेलं. ह्या पट्ट्यातली माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते आणि पावसात फुगते. वरचा रस्ता कितीही चांगला करा, त्याला काही वर्षांत लाटा येतातच. त्या लाटांवर ताशी ९० ला मला गाडीची खरी बांधणी कळली. नॉर्मल मोडवर ती एकदा दबते आणि लगेच स्थिर होते, दुसरी उसळी नाही. डायनॅमिक मोड लावला तर प्रत्येक सांधा मणक्यापर्यंत पोचतो. आपल्या रस्त्यांवर त्याचा उपयोग मला दिसला नाही. शंभरावर आठव्या गिअरला इंजिन सतराशे आरपीएमच्या आसपास गुणगुणतं, आणि हलक्या पायाला बायपास झडप उघडून सुपरचार्जर हवा नुसती फिरवत ठेवतो, दाबत नाही. त्यामुळे जाऊन-येऊन नव्वदएक किलोमीटरला आठ लिटर आणि थोडं वर पेट्रोल लागलं, लिटरला अकराच्या जवळ. एवढ्या ताकदीला हे उत्तम आहे. शहरात मात्र सहाही मिळत नाही.

शहराचं थोडक्यात सांगते. गाडीची रुंदी १९२३ मिलिमीटर, आरसे सोडून. सात रस्त्याला हरकत नाही, नवी पेठेत नेऊ नका. आमच्या गल्लीच्या तोंडाला कुणीतरी स्वतःच घातलेला गतिरोधक आहे, तो तिरपी घेऊन, एकेक चाक चढवत पार करावा लागला, तरी पुढचा ओठ एकदा घासलाच. मागचं जेमतेम दिसतं. डिकीत स्टेपनीच इतकी जागा खाते की दोन पिशव्या आणि चादरींचं एक गाठोडं, संपलं. आणि माणसं दोनच. आई आणि अण्णा दोघांना एकदम सिद्धेश्वराला न्यायचं म्हटलं तरी दोन खेपा.

कुणाला ही गाडी जुनी घ्यायची असेल तर माझं मत सरळ आहे : घ्या, पण व्ही-६ घ्या, आणि रात्रभर थंड पडलेलं इंजिन समोर सुरू करून घ्या. सुरू होताच समोरून खडखड येत असेल तर सुपरचार्जरच्या तोंडाशी असलेला कपलर (पुली आणि रोटर जोडणारा तुकडा) झिजलाय असं समजा; तो बदलता येतो, पण भाव करताना तो खर्च धरा. पट्टा आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर बघा. कूलंट कोणतं भरलंय ते बिलावर बघा. मागचे टायर २७५ रुंदीचे, ते इथे दुकानात टांगलेले मिळत नाहीत, मागवावे लागतात. सर्व्हिसला भाचा पुण्यातच जातो. सोलापुरात राहून ही गाडी बाळगायची तर दर खेपेला अडीचशे किलोमीटरचा हिशेब मनात हवा. एफ-टाइपचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. अशा पट्ट्यावर चालणाऱ्या भात्याच्या, मागच्या चाकांवर ओढणाऱ्या, दोन माणसांच्या गाड्या आता नव्याने होतील असं मला वाटत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेकॅनिकलच्या पोरांनी एकदा तरी असं इंजिन पायाने चालवून पाहायला हवं होतं.

शेवटच्या संध्याकाळी अण्णांची फेरी. गाडीची उंची साडेचार फूटही नाही, आणि त्यांचे गुडघे दुखतात. आधी पाठमोरे होऊन बसले, मग मी एकेक पाय उचलून आत ठेवला. भाचा चालवायला. हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन परत. मी मोटरसायकलवर मागे होते, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते मला भाच्याने नंतर सांगितलं. अण्णांनी जाताना काच खाली करायला लावली आणि येईपर्यंत डोळे मिटून बसले. भाच्याला वाटलं झोप लागली. परत दारात गाडी थांबली तसं म्हणाले, "ताण बरोबर आहे. कुठंच सरकत नाही."

खाली उतरवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. भाचा पहाटे निघणार होता. त्याने पाया पडायला वाकल्यावर अण्णांनी त्याचा खांदा धरला.

"पुढच्या खेपेला पट्टा बदलशील ना, तर जुना तिथंच टाकू नको. मला आणून दे. कुठं झिजलाय बघायचंय."